सायकल मासिकातली जाहिरात: कुठली जागा घ्यावी, कुठली सोडावी

सायकलच्या खास मासिकाचं रेट कार्ड हातात आलं की दुकानदाराची नजर आधी मलपृष्ठाच्या दराकडे जाते. आकडा पाहून तो कार्ड बाजूला ठेवतो आणि विषय तिथेच संपतो. खरं तर त्या कार्डात खाली बारीक अक्षरात जे असतं, तेच पुण्यातल्या दुकानाच्या कामाचं असतं. आमचं मत आधीच सांगतो. मलपृष्ठ आणि वेबसाइटच्या होमपेजवरचा बॅनर या दोन्ही महागड्या जागा एका दुकानाने घेऊ नयेत. पाव पान सलग सहा अंक, शहरवार यादीतली नोंद आणि ईमेल न्यूजलेटर, या तिन्हींचे पैसे वसूल होतात. गिअरच्या सायकली, सुटे भाग, सर्व्हिसिंग किंवा बाइक फिटिंग (शरीराच्या मापाने सायकल बसवून देणं) विकणाऱ्यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे. लहान मुलांच्या सायकली विकणाऱ्यांनी इथे पैसे घालू नयेत. त्यांचं गिऱ्हाईक हे मासिक वाचत नाही.

या माध्यमाचं बळ वाचकात आहे. सायकल मासिकाचा वाचक जाहिरातसुद्धा मजकुरासारखी वाचतो. कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) ११-३४ दातांची आहे की ११-२८, डिस्क ब्रेक केबलचा आहे की हायड्रॉलिक, हे तो फोटोवरून ओळखतो. म्हणूनच चुकीचा फोटो इथे फार महागात पडतो. सायकलचा फोटो नेहमी चेनच्या बाजूने काढावा, पुढचं चाक उजवीकडे. चेन पुढे मोठ्या चेनरिंगवर आणि मागे छोट्या कॉगवर असावी. क्रँक (पेडलचा दांडा) चेनस्टेच्या, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीच्या रेषेत किंवा आडवा, दोन्ही व्हॉल्व्ह खाली सहाच्या काट्यावर, टायरवरचं नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी. हँडलवर प्लास्टिकचं वेष्टण आणि स्पोकमध्ये पारदर्शक तबकडी तशीच राहिली असेल, तर सायकल जोडता न येणाऱ्याचं हे दुकान आहे, असं हा वाचक दोन सेकंदांत ठरवतो. मग खाली ‘तज्ज्ञ मेकॅनिक’ कितीही ठळक छापा.

सायकलचा धंदा आणि सायकलची पत्रं यांचं नातं जुनं आहे. फ्रान्समधल्या ‘ल व्हेलो’ या पत्राशी बिनसल्यावर काही मोठ्या जाहिरातदार उद्योजकांनी १९०० साली स्वतःचं पत्र काढलं. त्याचंच नाव पुढे ‘लोतो’ झालं. खप वाढावा म्हणून त्या पत्राने १९०३ मध्ये टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सुरू केली. ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापलं जायचं आणि आघाडीवीराची जर्सीही पिवळीच ठरली. जाहिरातदार रुसला तर काय होतं, हे या व्यवसायातल्या संपादकांना तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. जाहिरात विभागातला माणूस ‘पान घ्या, म्हणजे तुमच्या मालाचा रिव्ह्यूही चांगला येईल’ असं सुचवू लागला, तर तिथून उठा. ज्या मासिकाचे रिव्ह्यू विकत मिळतात, त्याच्यावर वाचक विश्वास ठेवत नाही, आणि तुम्ही मोजलेले पैसे त्या विश्वासासाठीच असतात.

आता छापील अंक. पहिला प्रश्न खपाचा, आणि तो चार तुकड्यांत विचारायचा: छापले किती, वर्गणीदारांना पोस्टाने गेले किती, स्टॉलवर विकले किती, फुकट वाटले किती. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ पासून खप तपासते, पण छोटी मासिकं बहुधा तिची सभासद नसतात. तसं असेल तर चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र मागा, किंवा शेवटच्या तीन अंकांची छपाईची बिलं आणि पोस्टिंगची पावती दाखवायला सांगा. ‘वाचकसंख्या’ म्हणून जो आकडा पुढे येतो, तो बहुतेकदा खपाला चार-पाचने गुणून काढलेला असतो. हिशेब खपावरच करावा. समजा चार हजार अंक जातात आणि पाव पान सहा हजारांना आहे. म्हणजे दर अंकामागे दीड रुपया. त्यातले पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे अंक हजार असतील, तर सर्व्हिसिंगच्या दुकानासाठी खरा भाव सहा रुपये झाला. सुटे भाग कुरिअरने देशभर पाठवणाऱ्यासाठी मात्र तो दीडच राहतो. एकच जागा एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग पडते ती अशी.

जागा ठरवताना उजवं पान मागा, म्हणजे विषम क्रमांकाचं. त्यातही देखभाल-दुरुस्तीच्या सदरासमोरचं मिळालं तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. पाठीशी डिंकाने बांधलेला अंक पूर्ण उघडत नाही, त्यामुळे आतल्या कडेला निदान १५ मिलिमीटर मजकूर नको. एकदाच पूर्ण पान घेण्यापेक्षा पाव पान सहा वेळा घ्या. सायकल घ्यायची असो की चाक ट्रू (वाकडं झालेलं सरळ) करायचं असो, गरज पडते त्या महिन्यात तुम्ही समोर असायला हवं. सलग अंकांवर सवलत मिळतेच. शिवाय एजन्सीला जे पंधरा टक्के कमिशन देण्याची रीत आहे, ते थेट जाणाऱ्या दुकानदाराने सवलत म्हणून मागायला संकोच करू नये.

सगळ्यात जास्त पैसा आर्टवर्कमध्ये वाया जातो. ए-४ अंकाचं पूर्ण पान २१०×२९७ मिलिमीटर. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून फाइल २१६×३०३ ची लागते, आणि महत्त्वाचा मजकूर कापाच्या रेषेपासून १० मिलिमीटर आत. फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवा. पाव पान ९०×१३० मिलिमीटर धरलं, तर फोटो निदान १,०६३×१,५३५ पिक्सेलचा लागतो. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली प्रतिमा दाबली गेलेली असते, ती चालत नाही. तीच डॉक्युमेंट म्हणून मागवा. रंगाचं दुखणं सायकलवाल्यांना जास्त आहे, कारण जर्सी, हेल्मेट, टायरची कड सगळीकडे निऑन हिरवा आणि नारिंगी. हे रंग स्क्रीनवर झळकतात आणि चार रंगांच्या छपाईत मातकट होतात. ती झळक पाचव्या, वेगळ्या शाईशिवाय येत नाही, आणि पाव पानासाठी कोणी वेगळी शाई लावत नाही. तेव्हा डिझाइनचा भार त्या रंगावर टाकू नका. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाया मिसळून केलेला काळा जरा सरकला की अक्षराला रंगीत कडा येते.

मराठी मजकुराचं वेगळंच. श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टमध्ये केलेलं काम युनिकोडमध्ये चिकटवलं की अक्षरांचा चिवडा होतो. युनिकोडमध्ये असूनही डिझाइन सॉफ्टवेअरमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू नसेल, तर ‘गिअर’मधली पहिली वेलांटी ग सोडून पुढे जाऊन बसते आणि ‘सर्व्हिसिंग’चा रफार भलत्या अक्षरावर चढतो. इंग्रजीतून काम करणाऱ्या डिझायनरला ते दिसतच नाही. अंतिम पीडीएफमध्ये अक्षरांचं आउटलाइन करून घ्या, म्हणजे अक्षरं चित्रासारखी पक्की होतात, आणि त्यानंतर एकदा कागदावर छापून मोठ्याने वाचा. फोन नंबर वाचून तपासू नका, छापलेल्या कागदावरून लावून पाहा.

क्यूआर कोड निदान २ सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी पांढरी पट्टी. तो स्वतःच्या वेबसाइटच्या पत्त्यावर न्या आणि त्या पत्त्याला मासिकाच्या नावाचा यूटीएम टॅग (पत्त्याच्या शेवटी जोडायची खूण) लावा, म्हणजे कोण कुठून आलं ते कळतं. फुकटच्या ‘डायनॅमिक’ कोडपासून, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावरून फिरून येणाऱ्या कोडपासून सावध राहा. काहींची चाचणी मुदत संपली की ते बंद पडतात, आणि अंक तर पुढे वर्षभर कोणाच्या तरी घरी पडून असतो.

याच कारणाने जाहिरातीत किंमत छापताना ती कधीपर्यंत लागू आहे ते लिहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. त्याआधी छापलेल्या सगळ्या किमती एका दिवसात जुन्या झाल्या.

महिना कुठला निवडावा? मासिकाला मजकूर साधारण तीन-चार आठवडे आधी लागतो, म्हणून उलटं मोजायचं. पावसाळ्याचा माल म्हणजे मडगार्ड, वेट ल्यूब (पावसात टिकणारं चेनचं तेल), ब्रेक पॅड, आणि त्याची जागा जूनच्या अंकात, म्हणजे बुकिंग मेच्या पहिल्या आठवड्यात. ब्रेव्हेचं, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरींचं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास मिळतात. तेव्हा दिवे, रिफ्लेक्टिव्ह जाकीट, डायनॅमो हब (दिव्यासाठी वीज तयार करणारा चाकाचा मधला भाग) विकणाऱ्याने ऑक्टोबर आणि नोव्हेंबर सोडू नये. जानेवारीत जाहिरातींची गर्दी होते. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेची शर्यत जिल्ह्यातल्या रस्त्यांवर आली. अशा वेळी निघणाऱ्या विशेषांकात पाव पान हरवून जातं, दर मात्र चढे असतात.

वेबसाइटवरचा बॅनर आम्हाला का पटत नाही, तेही सांगतो. ७२८×९० ची रुंद पट्टी मोबाइलवर मावत नाही. तिथे ३२०×५० किंवा ३००×२५० लागतं, आणि बहुतेक वाचक मोबाइलवरच असतो. दर हजार इम्प्रेशनला, म्हणजे बॅनर हजार वेळा पानावर लोड होण्याला असतो, पण इम्प्रेशन म्हणजे पाहिलं असं नव्हे. बॅनरचा निम्मा भाग निदान एक सेकंद पडद्यावर असला तरच ते ‘व्ह्यूएबल’ धरलं जातं, म्हणून पैसे त्या आकड्यावरच ठरवा. समजा दर हजारी दीडशे रुपये आणि चाळीस हजार इम्प्रेशन. सहा हजार रुपये गेले, आणि हजारात एकाने क्लिक केलं तर चाळीस माणसं आली. त्यातले किती पुण्याचे? शहर निवडून जाहिरात दाखवता येते, पण मोबाइल नेटवर्कवरचा वाचक बऱ्याचदा दुसऱ्याच शहरात दिसतो. ऑनलाइन विक्री असेल तर बॅनर घ्या, एरवी नको.

त्यापेक्षा प्रायोजित लेख बरा, फक्त तो लेख असला पाहिजे. ‘आमच्याकडे उत्कृष्ट सेवा’ हे कोणी शोधत नाही. सिंहगड चढायला कुठला गिअर पुरेल, हे पुण्यात प्रत्येक नवा रोड बाइकवाला शोधतो. पुढे ३४ आणि मागे ३४ दात म्हणजे एकास एक. ७००×२८ टायर एका फेऱ्यात सुमारे २.१४ मीटर जातो, म्हणून मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग राहतो. मागे २८ असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना साडेनऊच्या जवळ जावं लागतं, आणि ते जमलं नाही की गुडघ्यावर ताण येतो. इतकं नेमकं सांगून शेवटी ‘कॅसेट बदलायची असेल तर मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) किती दातांपर्यंत झेपवतो ते आमच्याकडे तपासून मिळेल’ एवढी एक ओळ पुरते. असा लेख सर्चमधून वर्षानुवर्षं वाचक आणतो. तो किती काळ साइटवर राहील हे लेखी घ्या. लेखावर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं स्पष्ट छापलेलं हवं. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे नियम तसं सांगतात, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत.

न्यूजलेटरमध्ये ‘ओपन रेट’वर, म्हणजे किती जणांनी पत्र उघडलं या आकड्यावर भाळू नका. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप पत्रं आपोआप उघडल्यासारखी दाखवतं, त्यामुळे तो आकडा फुगतो. मागच्या तीन पत्रांतल्या क्लिकची संख्या मागा.

शहरवार यादीतली नोंद सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात निष्काळजीपणे भरलेली. नाव, पत्ता, फोन देऊन लोक थांबतात. तिथे कामं लिहा: चाक ट्रूइंग, हायड्रॉलिक ब्रेक ब्लीडिंग, ट्यूबलेस बसवणं, हब आणि बॉटम ब्रॅकेटचं बेअरिंग, सस्पेन्शन सर्व्हिस. यातलं जे करत नाही ते लिहू नका. साप्ताहिक सुट्टी लिहा. दुपारी १ ते ४ दुकान बंद असेल तर तेही लिहा. निगडीहून कारच्या मागे सायकल लावून आलेला माणूस बंद शटर पाहून परत गेला, तर तो पुन्हा येत नाही.

बिलाकडे नीट पाहा. छापील जागेवर जीएसटी ५ टक्के, वेबसाइटवरच्या जाहिरातीवर १८. दोन्हींचं एकत्र पॅकेज असेल तर रकमा वेगळ्या दाखवून घ्या, नाहीतर सगळ्यावरच १८ लागण्याचा धोका असतो. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्या) दुकानाला हा कर परत मिळत नाही, त्याने तो खर्चातच धरावा.

आणि रिलीज ऑर्डर (जाहिरात छापण्याचा आदेश) लेखी द्या, छोट्या रकमेलाही. त्यात अंकाचा महिना, पानाची बाजू, आकार, रंगीत की कृष्णधवल, वेबसाइटवरच्या जाहिरातीच्या तारखा, यादीतल्या नोंदीची मुदत आणि जाहिरात चुकीची छापली गेली तर पुढच्या अंकात विनामूल्य पुन्हा छापण्याची अट एवढं तरी हवं. अंक निघाल्यावर व्हाउचर कॉपी, म्हणजे जाहिरात छापल्याचा पुरावा म्हणून अंकाची प्रत येते. पान, बाजू आणि फोन नंबर तिच्यावर ताडून मगच चेक सोडा.