बीसीडी अख्खा सीझन वापरल्यावर : जॅकेट ठीक आहे, बघायचं ते इन्फ्लेटरकडे

सेकंडहँड जॅकेट टाईप बीसीडी (स्कूबा डाईव्हमधे घालायचं, हवा भरून-सोडून पाण्यात वर-खाली होता येणारं जॅकेट) घेतलेली, तिचा आता एक पूर्ण सीझन आणि वर एक पावसाळा झाला म्हणून लिहितोय. ब्रँड सांगत बसत नाही, कारण कापड, शिलाई, खिसे, बकल सगळं ठीकठाक आहे आणि त्यात लिहिण्यासारखं काही नाही. कस लागतो तो बारक्या पार्ट्सचा.

आम्ही मुंबईवाले डाईव्ह करणार तारकर्लीला, संध्याकाळी कुडाळहून तुतारी एक्सप्रेस पकडणार आणि सकाळी दादरला उतरणार. म्हणजे ओलं गियर रात्रभर बॅगेत. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, आणि डाईव्हमधे थोडं पाणी ब्लॅडरमधे (जॅकेटच्या आतली हवेची पिशवी) जातंच, ते सुकलं की आत खडे. बाहेरून नळाखाली धरून काही होत नाही. तोंडाने फुगवायच्या बाजूने गोडं पाणी आत ओतायचं, थोडी हवा भरायची, खळखळवायचं, मग उलटी करून खालच्या डंप व्हॉल्व्हमधून (हवा सोडायची झडप) सोडायचं, असं पाणी खारट लागेनासं होईपर्यंत. आमच्याकडे पाणी सकाळी ठरावीक वेळच येतं त्यामुळे तुतारी लेट झाली की हे सगळं बादलीत करावं लागतं. नंतर अर्धी फुगवून बाथरूममधे टांगतो, आई म्हणते माणूस लटकवल्यासारखं दिसतंय.

एवढं करूनही सीझनच्या मधेच इन्फ्लेटरचं (सिलिंडरची हवा जॅकेटमधे भरायचा हातातला भाग) बटण सोडल्यावर किंचित उशिरा वर यायला लागलं. ह्याला हलक्यात घेऊ नका. बटणाच्या दांड्यावर आणि स्प्रिंगवर मीठ बसतं, आतली ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी रिंग) झिजते, आणि बटण दाबलेलंच राहिलं तर हवा भरतच राहते, तुम्ही वर जायला लागता, वर जाल तशी हवा अजून फुगते (10 मीटरवरची हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते) आणि मग थांबवणं अवघड. अशा वेळी आधी सिलिंडरकडून इन्फ्लेटरला हवा आणणारा होज खेचून काढायचा आणि सोबतच जॅकेटमधली हवा डंप करायची, हे पाण्यात सराव करून हाताला बसलेलं पाहिजे.

माझं नशीब की इन्फ्लेटर के-टाईप निघाला. हा साधा, बऱ्याच कंपन्यांच्या जॅकेटवर सापडणारा प्रकार, सर्व्हिस किट सहज मिळतं. ऑक्टोपस (श्वास घ्यायचा जादाचा रेग्युलेटर) आणि इन्फ्लेटर एकत्र असलेला प्रकार दिसायला भारी, पण पार्ट त्याच कंपनीचे लागतात. नवीन घेणाऱ्यांनी रंग नंतर बघा, आधी पार्ट कुठे मिळतात ते विचारा.

साध्या ओ-रिंगसाठी मुंबईतली नागदेवी स्ट्रीट. त्याच हवेच्या होजच्या फर्स्ट स्टेजकडच्या (सिलिंडरवर बसणारा, हवेचा दाब कमी करणारा भाग) टोकाला 011 साईज लागते, तिथला दुकानदार लगेच "नायट्राईल की व्हायटॉन, 70 की 90?" (म्हणजे रबराचा प्रकार आणि कडकपणा) विचारतो, मी नायट्राईल 90 घेतली. लावताना सिलिकॉन ग्रीस अगदी बोटाला लागेल इतकंच. खोबरेल, व्हॅसलिन, डब्ल्यूडी-40 नको. होजच्या इन्फ्लेटरकडच्या टोकातला छोटा व्हॉल्व्ह दिसायला बाईकच्या ट्यूबमधल्यासारखाच असतो आणि कोणीतरी तो बसव म्हणून सांगेलच, पण नका बसवू, तो टायरसाठी बनवलेला आहे, स्कूबाचाच घ्या. इन्फ्लेटर स्वतः उघडायची हौस असेल तर आधी जाणकाराकडून एकदा शिकून घ्या. फर्स्ट स्टेजला मात्र मी हात लावत नाही, ते टेक्निशियनचं काम.

डंप व्हॉल्व्ह गळायला लागला की आधी वाळू बघा. झाकण उघडायचं, रबरी चकती आणि तिची बसायची कड पुसायची, परत हातानेच घट्ट करायचं. प्लास्टिकचे आटे आहेत, तिरके बसले की संपलं. टेस्ट सोपी, रात्री गच्च फुगवून ठेवायची, सकाळी मऊ पडली तर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे. जॅकेटपासून इन्फ्लेटरपर्यंत जाणाऱ्या जाड कोरुगेटेड (घड्या-घड्यांच्या) होजवरचे केबल टाय उन्हाने कडक होतात, ते लोहार चाळीत कुठेही मिळतात.

पावसाळ्यात चार महिने कपाटात होती, तरी ब्लॅडर छान राहिलं. कोरुगेटेड होज मात्र ताणून बघितला तर घड्यांमधे बारीक चिरा दिसतायत, तो ऑक्टोबरच्या आधी बदलणार. जॅकेटला पाचपैकी चार, एक मार्क त्या होजचा कापला.