जुनी सीएनसी यंत्रे आणि तीन युनिक्स-वंशी प्रणाली: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे छोटे मशीन शॉप आहे. तिथली दोन सीएनसी यंत्रे (संगणकीय प्रोग्रॅमवर धातू कापणारी) इतकी जुनी आहेत की त्यांना प्रोग्रॅम द्यायचा तर आरएस-२३२ या जुन्या सिरियल जोडणीच्या केबलवाचून गत्यंतर नाही. गेल्या नऊ महिन्यांत मी ती आळीपाळीने डेबियन १२ (लिनक्सचे एक वितरण), फ्रीबीएसडी १४ आणि मॅक मिनीवरील मॅकओएस या संगणक प्रणालींना जोडून वापरली. पहिल्या दोन प्रणाली मुक्त आहेत, तिसरी व्यापारी. तिघींचे मूळ किंवा आदर्श असलेल्या युनिक्स या जुन्या प्रणालीचे अधिकृत प्रमाणपत्र मात्र तिघींपैकी मॅकओएसकडेच आहे, आणि ते २००७ मधील १०.५ या आवृत्तीपासून.

नव्या हार्डवेअरबाबत फार लिहिण्यासारखे नाही. मॅकमध्ये पडदा, ध्वनी, नेटवर्क यांपैकी कशालाही हात लावावा लागला नाही. डेबियनने आपल्या विकासकांच्या २०२२ च्या मतदानानंतर आवश्यक फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच समाविष्ट केल्यामुळे तेथेही अडचण आली नाही. फ्रीबीएसडी नव्या वायफाय कार्डांच्या बाबतीत लिनक्सच्या मागे असल्याने त्या संगणकाला मी सरळ नेटवर्क केबल जोडली.

खरा कस सिरियल जोडणीत लागला. यंत्राची सिरियल केबल संगणकाच्या यूएसबी पोर्टला कन्व्हर्टरने जोडतात; लिनक्स या कन्व्हर्टरांना सापडतील त्या क्रमाने शून्य, एक असे क्रमांक देते. पावसाळ्यात एकदा वीज जाऊन आली, क्रमांकांची अदलाबदल झाली आणि एका यंत्राचा प्रोग्रॅम दुसऱ्यात गेला. ऑपरेटरने सायकल सुरू करण्याआधी पडद्यावरील प्रोग्रॅम क्रमांक वाचला, म्हणून टूल आणि काम पकडणारा चक दोन्ही वाचले. त्याच संध्याकाळी मी युडेव्हचे (जोडलेल्या उपकरणांना नावे देणाऱ्या लिनक्समधील सोयीचे) नियम लिहिले. एफटीडीआय चिपच्या कन्व्हर्टरला स्वतःचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे त्यावरून कायमचे नाव देता येते. सीएच३४० चिपला तो बहुधा नसतो, म्हणून कन्व्हर्टर कोणत्या यूएसबी पोर्टमध्ये आहे त्यावरून ओळख ठरवावी लागते. नियमांवरील टिपा मी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहिल्या आहेत, कारण आमचा एक ऑपरेटर खानापूरचा आहे तर दुसरा गोकाकचा, आणि रात्रपाळीत ती फाइल कोणालाही उघडावी लागू शकते.

फ्रीबीएसडीत हेच काम डेव्हडी या तिथल्या सोयीकडून करून घेता येते. मला तिथे सर्वांत भावली ती मॅन्युअलची शिस्त: ड्रायव्हरच्या नावाने पान उघडले की तो कोणत्या चिप चालवतो आणि उपकरणाची फाइल कोणती, हे एकाच जागी मिळते. लिनक्ससाठी हीच माहिती मला दहा ठिकाणी शोधावी लागली. फ्रीबीएसडी आणि मॅकओएस या दोन्हींत एकाच पोर्टची ‘टीटीवाय’ आणि ‘सीयू’ अशी दोन रूपे दिसतात. पहिले रूप समोरून कॅरियर संकेत (पलीकडचे उपकरण जोडलेले असल्याची खूण) येण्याची वाट पाहते, दुसरे पाहत नाही. आमच्या तीन तारांच्या केबलमध्ये तो संकेतच नसल्यामुळे ‘सीयू’ निवडेपर्यंत सॉफ्टवेअर नुसते थांबून राहत असे; एवढे कळायला माझे दोन दिवस गेले.

मॅकवर साधे कन्व्हर्टर चालले, पण चार पोर्टांचा जुना कन्व्हर्टर चालू शकला नाही. त्याचा ड्रायव्हर कर्नल एक्स्टेन्शन स्वरूपाचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) जोडला जाणारा आहे. २०१९ पासून ॲपलने ही पद्धत मागे सारली असून, स्वतःच्या चिपच्या मॅकवर असे एक्स्टेन्शन वापरण्यासाठी रिकव्हरी या दुरुस्तीच्या अवस्थेत मॅक सुरू करून सुरक्षेची पातळी उतरवावी लागते. कन्व्हर्टरच्या उत्पादकाने नव्या पद्धतीचा ड्रायव्हर काढलेलाच नाही, आणि ज्यावर आमचा हिशेबही असतो त्या मॅकची सुरक्षा त्यासाठी कमी करणे मला मान्य नव्हते. तोच कन्व्हर्टर डेबियनवर कर्नलमधील ड्रायव्हरने लगेच ओळखला गेला.

सध्या शॉपमध्ये डेबियन आहे, ऑफिसात मॅक आहे आणि प्रोग्रॅमांचा साठा फ्रीबीएसडीवर आहे. गेल्या महिन्यात शॉपमधील संगणकाचा मदरबोर्ड गेला, तेव्हा नियमांची फाइल पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर ठेवली. एफटीडीआयची ओळ जशीच्या तशी चालली. सीएच३४० च्या ओळीत तेवढा पोर्टचा पत्ता बदलावा लागला.