टोरॉइड कॉइल: घरी गुंडाळायची की तयार घ्यायची?

सांगलीत तांब्याच्या तारेला तोटा नाही. ऊसपट्ट्यात विहिरीवरच्या मोटारी जळतच असतात, त्यामुळे रिवायंडिंगचं दुकान शोधत फिरावं लागत नाही. किलोवर तार घेणारा तो माणूस ओळखीचा झाला की पन्नास ग्रॅमही तोडून देतो. घोडं अडतं ते कोअरपाशी, म्हणजे जिच्यावर तार गुंडाळून टोरॉइड कॉइल होते त्या चुंबकीय मालाच्या रिंगपाशी. नेमक्या मालाची रिंग हवी तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठा, नाहीतर ऑनलाइन मागवा. एवढी खटपट कधी करायची, हे कामावर ठरतं.

काम रेडिओचं असेल, म्हणजे शॉर्टवेव्ह रिसीव्हर किंवा ट्रान्समीटरचा फिल्टर, तर डोळे झाकून स्वतः गुंडाळा. तयार कॉइल मिळते ती रेझिस्टरसारखी दिसणारी, रंगपट्ट्यांची. 4.7, 10, 22 मायक्रोहेन्री (हे इंडक्टन्सचं, म्हणजे कॉइल बदलत्या करंटला किती अडवते त्याचं माप) अशा ठरलेल्या आकड्यांत, वर सहसा दहा टक्के इकडेतिकडे. तिचा क्यू, म्हणजे ऊर्जा वाया न घालवण्याचा गुण, बेताचाच असतो आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडत असल्यामुळे ती शेजारच्या कॉइलशी संधान बांधते. टोरॉइडमध्ये ते बहुतांशी रिंगणातच फिरतं.

हिशेबही सोपा. टी 50-2 ही लाल रंगाची आयर्न पावडर रिंग, बाहेरून 12.7 मिलिमीटर. तिच्यावर 100 वेढ्यांना 49 मायक्रोहेन्री मिळतात, आणि इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 5 मायक्रोहेन्री हवे तर 32 वेढे. साधारण 65 सेंटीमीटर तार कापा. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा, म्हणून मोजायचं आतल्या बाजूने. बाहेरून मोजणाऱ्याचा एक तरी चुकतोच. सुरुवात आणि शेवट यांत तीसेक अंश मोकळे सोडा, आणि मग वेढे सरकवून, जवळ-लांब करून नेमकं माप साधा. तयार कॉइलमध्ये ही सोय कुठली!

एक खाच लक्षात ठेवा. अमेरिकी सर्किटवर 24 गेज लिहिलं असेल तर ती तार 0.51 मिलिमीटरची, आपल्याकडे दुकानात 24 मागितली तर 0.56 ची येते. एका थरात 32 वेढे बसवताना हा फरक बोचतो. सरळ 26 नंबर घ्या, तो बारीक असतो. आणि मोटारीच्या तारेवरचं इनॅमल सोल्डरिंगच्या उष्णतेने सहसा जळत नाही, टोकं ब्लेडने चारही बाजूंनी खरवडावी लागतात.

12 व्होल्टचे 5 करणाऱ्या बक कन्व्हर्टरला मात्र तयार चोक (करंट सुरळीत करणारी कॉइल) घ्या. तिथे पाच-दहा टक्क्यांनी काही बिघडत नाही; विचारायचं एवढंच, की किती अँपिअरला तो सॅच्युरेट होतो, म्हणजे कोअर चुंबकत्वाने भरून इंडक्टन्स ढासळतो. भंगारातल्या कॉम्प्युटर पॉवर सप्लायमधली पिवळी, एका बाजूने पांढरी रिंग फुकटात मिळते, चालतेही, पण कन्व्हर्टर 150 किलोहर्ट्झला चालत असेल तर बरीच तापते. त्याच सप्लायच्या इनपुटकडे बसवलेली फेराइट रिंग या कामाला उचलू नका. थोड्या वेढ्यांत भरपूर इंडक्टन्स दाखवते, पण डीसी करंट वाढला की कोसळते. अनोळखी रिंगवर 10 वेढे घालून इंडक्टन्स मोजा आणि आकड्याला 100 ने भागा, की तिचा एका वेढ्याचा आकडा कळतो. लाल रिंगवर 10 वेढ्यांचा इंडक्टन्स स्वस्त टेस्टरला दिसणार नाही, तिथे 40 वेढे घालून 1600 ने भागावं.

राहिला 230 व्होल्टचा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर. तो घरी नकोच. 10 चौरस सेंटीमीटर छेदाच्या कोअरला 50 हर्ट्झवर व्होल्टला पावणेचार वेढे लागतात, म्हणजे प्रायमरीचेच (230 व्होल्टच्या बाजूचे) साडेआठशेच्या वर. प्रत्येक वेढ्याला सगळी तार भोकातून ओवायची, आणि एवढं करून दोन थरांमधल्या इन्सुलेशनची खात्री कोण देणार? इथे मधला रस्ता बरा: तयार ट्रान्सफॉर्मर घेऊन प्रायमरीला हात न लावता फक्त सेकंडरी, म्हणजे कमी व्होल्ट देणारी बाजू, बदलायची. आधी वरून इन्सुलेशनच्या तारेचे 10 वेढे घाला, प्लग लावून त्यांवरचा एसी व्होल्ट मोजा. 2.7 आले, तर 12 व्होल्टला 45 वेढे पुरतात. प्लग काढा, जुनी सेकंडरी सोडवा आणि तेवढेच गुंडाळा.