अठरा घरांत फिरणारे रेडॉन मीटर

बेलापूरला पारसिकच्या टेकडीलगत आमची अठरा बैठ्या घरांची सोसायटी आहे. जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू घरात किती साठतो, हे पाहण्यासाठी आम्ही वर्गणी काढून एक डिजिटल मीटर ऑनलाइन मागवले आणि गेल्या पावसाळ्यापासून ते घरोघरी फिरवत आहोत. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे महत्त्वाचे कारण म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या वायूला ना रंग आहे ना वास, त्यामुळे मोजण्यावाचून इलाज नाही.

यंत्र तळहाताएवढे आणि बॅटरीवर चालणारे आहे. खोलीतली हवा आपसूक आतल्या कप्प्यात शिरते आणि रेडॉनच्या किरणोत्सारी विघटनातून बाहेर पडणारे अल्फा कण तिथला संवेदक टिपतो. आवाज नाही, वायर नाही. पहिला आकडा उमटायला मात्र चोवीस तास लागतात.

पहिली पाळी कोपऱ्यावरच्या घराची होती. एसीची खोली, खिडक्या घट्ट बंद. दुसऱ्या दिवशी पडद्यावर 3.1 दिसले आणि सेक्रेटरींनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकून 'काळजीचे कारण नाही' असे जाहीरही केले, कारण जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी 100 आहे एवढे त्यांच्या वाचनात होते. घोळ एककाचा होता. ते 100 बेकरेल प्रति घनमीटर आहेत, तर आमचे मीटर अमेरिकी पद्धतीने पिकोक्युरी प्रति लिटरमध्ये बोलते. एक पिकोक्युरी प्रति लिटर म्हणजे 37 बेकरेल प्रति घनमीटर. त्या हिशेबाने 3.1 चे साधारण 115 झाले. एकक बदलण्याची सोय या मॉडेलमध्ये नाही आणि विक्रेत्याने दोन्ही ईमेलना उत्तर दिले नाही. अखेर मीटरच्या पाठीवर 'गुणिले 37' असे लिहून पट्टी चिकटवली.

तेच मीटर त्याच जागी सहा आठवडे ठेवल्यावर दीर्घकालीन सरासरी 1.4 वर, म्हणजे 52 बेकरेलच्या आसपास स्थिरावली. हा यंत्राचा दोष नाही. पातळी कमी असली की छोट्याशा कप्प्यात तासाला मोजकेच कण टिपले जातात, त्यामुळे एका दिवसाचा आकडा सहज वरखाली होतो. शिवाय खिडक्या उघडल्या की रेडॉनही घटतो. आमच्या पायाखालच्या बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम, म्हणजे रेडॉनचा मूळ स्रोत, कमी असते, हेही ध्यानात ठेवायला हवे. एका वहिनींना स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याचीच धास्ती होती, म्हणून त्यांनी मीटर शेगडीशेजारी ठेवले. तिथल्या वाफेने ते मोजमाप बाद धरावे लागले. मीटर निजायच्या खोलीत, जमिनीपासून दोनेक फूट उंचीवर, खिडकी आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवावे.

एकट्या कुटुंबाने एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही. सोसायटीने जरूर करावा. फक्त एका घराला सहा आठवडे धरले तर अठरा घरांना दोन वर्षे लागतात, आणि तेवढ्यात दोन पावसाळे उलटतात, हा हिशेब आम्ही खरेदीपूर्वी केला नव्हता. पुढच्या सभेत दुसऱ्या मीटरचा विषय आहे. ते बेकरेल दाखवणारे असावे, एवढी अट सेक्रेटरींनी स्वतःच घातली आहे.