तापणारा लॅपटॉप, घोंघावणारा फॅन: उपायांनंतर काही महिन्यांचा अनुभव

लॅपटॉप साफ करून नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा लेप) लावली की पहिला आठवडा सगळ्यांचाच छान जातो. खरी परीक्षा पुढे असते. म्हणून हे मुद्दाम उशिरा लिहितोय, मधे एक अख्खा उन्हाळा गेल्यावर.

लॅपटॉप पातळ, पंधरा इंची, इंटेल प्रोसेसरचा, वॉरंटी कधीच संपलेली. व्हिडिओ कॉल सुरू केला की थोड्याच वेळात फॅन पूर्ण वेगाने फिरायचा, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवत नसे आणि टाइप केलेलं अक्षर उमटायलाही वेळ लागायचा. हा शेवटचा त्रास अनेकांना उष्णतेशी जोडता येत नाही, पण संबंध थेट आहे. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. त्यामुळे मशीन लगेच जळत नाही, पण रेंगाळायला लागतं.

सगळ्यात आधी मोजा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात तापमान, प्रोसेसरचा वेग आणि फॅनचे फेरे एकत्र दिसतात (फेऱ्यांचा आकडा प्रत्येक मॉडेलमध्ये मिळत नाही). माझ्याकडे नुसता डेस्कटॉप उघडा असताना तापमान ६० अंशांच्या वर आणि कामाला लागल्यावर ९७-९८. हे आकडे लिहून ठेवल्यामुळेच पुढचा प्रत्येक उपाय किती उपयोगी पडला ते ठामपणे सांगता येतंय. मग टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लावली. ब्राउझरचं एक एक्स्टेन्शन काही काम नसतानाही प्रोसेसर खात होतं. ते काढल्यावर रिकाम्या वेळेचा आवाज बराच उतरला. यात स्क्रूड्रायव्हर लागत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

आवाजही नीट ऐकायला हवा, कारण आवाजावरून अर्धं निदान होतं. नुसता वाऱ्याचा घोंघाट असेल तर फॅन ठीक आहे, त्याला उष्णता दमवते आहे. घरघर किंवा टकटक असेल आणि लॅपटॉप तिरका धरल्यावर तो आवाज बदलत असेल, तर बेअरिंग गेलंय किंवा पात्याला काहीतरी घासतंय. आणि फॅन थांबलेला असतानाही बारीक चिरचिर येत असेल, तर ती मदरबोर्डावरच्या कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची. ती साफसफाईने जात नाही.

आता झाकण उघडण्याबद्दल. चार्जर काढायचा, मशीन पूर्ण बंद करायचं आणि आत गेल्यावर सगळ्यात पहिलं बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं. माझा फॅन वरून बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता. तो उचलल्यावर खरी गोष्ट कळली. फॅन आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मधोमध धुळीचा थर बसला होता, जाड करड्या कापडाच्या पट्टीसारखा, इतका घट्ट की चिमट्याने धरल्यावर अखंड बाहेर आला. गरम हवा जायची वाटच बंद होती. बाहेरच्या जाळीतून हवा मारून हा थर निघत नाही, उलट फॅनकडे आत ढकलला जातो. हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंगचं नुकसान होऊ शकतं.

हीटसिंक (चिपवर टेकून तिची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढल्यावर दुसरं कारण दिसलं. प्रोसेसरच्या चिपच्या मधल्या भागावर पेस्ट जवळपास नव्हतीच, सगळी कडेला साचली होती. चिप तापते-निवते, प्रसरण-आकुंचन होतं आणि पातळ पेस्ट हळूहळू बाहेर ढकलली जाते. ही पेस्ट आदल्या वर्षीच बदललेली होती आणि तेव्हा सुरुवातीचे काही महिने तापमान उत्तम होतं. म्हणून या वेळी पेस्टऐवजी हनीवेलची पीटीएम ७९५० ही शीट लावली. ती साध्या तापमानाला घट्ट राहते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन चिप आणि हीटसिंकमधल्या फटी भरते आणि पेस्टसारखी सहज सरकून जात नाही. लावण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली तर प्लॅस्टिकचा पापुद्रा सहज सुटतो. हीटसिंकच्या स्क्रूजवळ आकडे छापलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळायचे. आजूबाजूच्या चिप्सवरचे जाड थर्मल पॅड चांगले असतील तर त्यांना हात लावू नये. त्यांची जाडी चुकली तर हीटसिंक मुख्य चिपवर नीट टेकत नाही.

पहिल्या दिवशी आकडे फारसे सुधारले नाहीत. शीट काही वेळा तापून निवावी लागते. नंतर त्याच कामाला तापमान ८४-८५ वर आलं आणि आज इतक्या महिन्यांनी ८६ आहे. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. पेस्टनेही सुरुवातीला जवळपास एवढाच फरक पडला होता, पण तो टिकला नाही.

सेटिंगमधला एक बदल मात्र कोणीही करावा. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक इंटेल मशीनवर टर्बो बूस्ट, म्हणजे गरजेला आपोआप वाढणारा जादा वेग, बंद होतो. कॉल, लिखाण, ब्राउझिंग यांत फरक जाणवत नाही आणि फॅन जवळजवळ गप्प होतो. व्हिडिओ एडिटिंगला मात्र हे जाचतं, म्हणून मी दोन वेगळे पॉवर प्लॅन ठेवलेत. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करण्याचा जुना उपाय माझ्या मशीनवर चालला नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाल्यावर अनेक कंपन्यांनी बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून ती सोय बंद केली.

फॅनवाला कूलिंग पॅड मला पटला नाही, त्याचाच आवाज जास्त. मागची बाजू उचलणाऱ्या साध्या स्टँडने तीन-चार अंश उतरतात, कारण हवा खालून आत जाते. गादीवर ठेवून काम करणं त्याच कारणासाठी बंद केलं.

एक गोष्ट राहिलीच होती, सकाळी सुरू करताना येणारी घरघर. ती बेअरिंगची होती, साफसफाईने काही दिवस दबली आणि परत आली. शेवटी फॅनच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर जुळवून नवा फॅन बसवला. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत फॅन वेगळे असू शकतात, तेव्हा लॅपटॉपचं नाव सांगून मागवू नका, जुन्या फॅनवरचा नंबर बघूनच घ्या. आणि टचपॅड वर उचललेला दिसत असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तर यातलं काहीही करायच्या आधी थांबा. बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग बंद करून ती आधी जाणकाराकडून बदलून घ्या.