गायनवर्गासाठी जागा : गावभाग, मिरज की विश्रामबाग?

पुण्यातील 22 वर्षांचा गायनवर्ग आवरून गेल्या वर्षी आम्ही सांगलीत स्थायिक झालो आणि नव्या वर्गासाठी जागा शोधण्यात माझे तीन महिने गेले. या काळात बारकाईने पाहिलेल्या चार जागांविषयी आणि त्यांपैकी जी घेतली तिच्या आठ महिन्यांच्या अनुभवाविषयी येथे लिहीत आहे, कारण जागा दाखवणाऱ्यांकडून भाडे, अनामत आणि गाडी लावण्याची सोय एवढेच कळते. त्या खोलीत षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, कसा लागतो, हे कोणी सांगत नाही.

पहिली जागा गावभागातील, म्हणजे कृष्णेजवळच्या जुन्या सांगलीतील, एका जुन्या वाड्याची माडी होती. वर लाकडी तक्तपोशी, जाड मातीच्या भिंती आणि दोन बाजूंना कोनाडे असल्याने आवाज तेथे घुमत नव्हता, पण भरून येत होता. ‘बुवा, आमच्या सासऱ्यांच्या वेळी इथं दर एकादशीला भजन बसायचं,’ असे घरच्या वहिनींनी सांगितले, त्याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. नादाच्या दृष्टीने चौघींत हीच खोली सर्वांत उत्तम होती, हे आजही मान्य करावे लागेल. परंतु खाली उतरताना जिन्याजवळच्या भिंतीवर 2019 च्या महापुराची रेघ दिसली, ती माझ्या खांद्याच्या वर होती. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट धरली जाते. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते आणि 2021 मध्ये पुन्हा पूर आला. माडीवर पाणी चढले नव्हते, हे खरे. तरीही दोन तंबोरे, पेटी आणि तबल्याच्या तीन जोड्या दर पावसाळ्यात नदीची पातळी विचारत हलवणे या वयात मला झेपणारे नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पालक मुलांना त्या बाजूला पाठवतील याचीही खात्री नव्हती.

दुसरी जागा मिरजेत पाहिली, आणि तेथे माझे मन बुद्धीच्या पुढे धावत होते. ज्या गावात गायनगुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुस्करांना गाण्याची विद्या दिली, जेथे मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब चिरविश्रांती घेत आहेत आणि जेथील सतार व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथे वर्ग असावा असे कोणत्या गवयाला वाटणार नाही? सतारमेकर गल्ली चालत पाच मिनिटांवर होती. जवारी (तारेला झणकार देणारी घोडीवरची घडण) बिघडली की तंबोरा खांद्यावर टाकून जावे, इतके सोपे. मात्र खोलीच्या दोन्ही अंगांना रुग्णालये होती. रुग्णालयाभोवतालचा 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकतो. तेथे दिवसाची मर्यादा 50 डेसिबल असते आणि संगीत वाजवणे, ढोल बडवणे यांचा नियमातच स्पष्ट उल्लेख आहे. कायदा बाजूला ठेवला तरी पलीकडे कोणी शस्त्रक्रियेनंतर पडलेले असताना पंधरा मुलांकडून अलंकार (स्वरांचे पलटे) घोकून घेणे मला प्रशस्त वाटले नाही.

तिसरी जागा सांगलीतल्याच विश्रामबाग भागातील एका व्यापारी संकुलाच्या मागील बाजूचा गाळा. भाडे माफक, रस्ता रुंद, शिकवण्या आणि महाविद्यालये जवळ असल्याने विद्यार्थ्यांची ये-जा कायमची. मी तंबोरा घेऊनच गेलो होतो, म्हणून वाचलो. माझी पट्टी, म्हणजे ‘सा’ धरण्याचा स्वर, पेटीची काळी एक. पहिली तार मंद्र पंचमात, म्हणजे खालच्या सप्तकातील ‘प’वर, लावली की तिची कंपने सेकंदाला सुमारे 104 होतात. गाळ्याच्या भिंतीपलीकडे डीपी (विजेचे रोहित्र) होती आणि आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने तिचा घुमा दुप्पट, म्हणजे 100 कंपनांचा. हे दोन नाद शेजारी आले की सेकंदाला चार वेळा लाट उठते आणि पंचम काही केल्या स्थिर होत नाही. आधी मला जवारीच गेली असे वाटले. तार उतरवून पुन्हा लावल्यावर उलगडा झाला. दलालांना सांगितले, तर ते म्हणाले, ‘सर, फॅन लावला की काही ऐकू येत नाही.’

अखेर घेतली ती चौथी जागा, विश्रामबागेतच आतल्या गल्लीतील एका बंगल्याचा पहिला मजला : 12 बाय 18 फुटांची खोली, बाहेरून स्वतंत्र जिना, भाडे 8,000 रुपये. सुरुवातीला हिचा नाद चौघींत सर्वांत वाईट होता. गुळगुळीत फरशी आणि समोरासमोर उघड्या भिंती असल्याने टाळी वाजवली की तडतड असा प्रतिध्वनी येई. जमिनीवर जाड जाजम, एका लांब भिंतीला पुस्तकांनी भरलेली उघडी मांडणी आणि तिच्या समोर आईच्या हातची वाकळ टांगल्यावर तो दोष बहुतांशी गेला. या सगळ्याचा खर्च एका महिन्याच्या भाड्याहूनही कमी आला. गावभागातील माडीची गोलाई मात्र तिला येणार नाही.

येथे शाळा सुटल्यावर मुले सायकलने एकेकटी येऊ शकतात, आणि संध्याकाळचे वर्ग चालतात ते त्यामुळेच. चौकशीला येणारे पालक घराणे विचारत नाहीत. ‘गांधर्वच्या परीक्षा देता येतील ना?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांचा प्रारंभिकपासून विशारदपर्यंतचा क्रम सांगितला की त्यांचे समाधान होते. तंबोऱ्यासाठी मिरजेला जायला बसने फार वेळ लागत नाही.

करारासंबंधी एक सांगणे आवश्यक आहे. ‘अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?’ असे मालक काकांचे म्हणणे होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते, हे दाखवल्यावर ते राजी झाले. त्याच करारात गायन-तबला शिकवण्याची परवानगी आणि सकाळी 7 ते 9 व सायंकाळी 5 ते 8.30 ही वेळ मी स्पष्ट लिहून घेतली. पुढे शेजाऱ्यांनी तबल्याविषयी कुरकुर केली, तेव्हा काकांनीच तो कागद त्यांच्यापुढे ठेवला.

तक्रार एकच उरली आहे : पश्चिमेकडील भिंत पहिल्याच पावसात ओली झाली आणि तिच्याजवळ ठेवलेला डग्गा आठ दिवसांत मंद पडला. तूर्त सर्व वाद्ये पूर्वेच्या बाजूला हलवली आहेत. जूनपूर्वी गच्चीची गळती काढून देण्याचे काकांनी कबूल केले आहे.