अर्ध्या तासाला एकच दालन: ब्रिटिश म्युझियममधील मोफत फेऱ्यांचा अनुभव

लंडनचे ब्रिटिश म्युझियम मी पहिल्यांदा पाहिले ते पंधरा वर्षांपूर्वी, एका सहल कंपनीबरोबर. सहलीच्या वेळापत्रकात त्यासाठी दीड तास राखून ठेवला होता. त्यातला बराचसा वेळ माणसे मोजण्यात आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला आणि उरलेल्या वेळात आमचा चाळीस जणांचा घोळका रोझेटा शिळेपासून ममींपर्यंत व ममींपासून बसपर्यंत धावत सुटला. यंदा लेकीकडे हॅरोला दोन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा एवढ्या मोठ्या वास्तूत पुन्हा तसेच भरकटायचे नाही असे ठरवून मी तेथील मोफत फेऱ्यांना जाऊ लागलो. अशा सहा फेऱ्या झाल्या. त्यांतल्या काही मनात घर करून राहिल्या, एक साधारण वाटली, आणि एकीला मराठी माणसाने जावे की नाही याबद्दल माझे मत अजून डळमळीत आहे.

या उपक्रमाला तिथे 'आय-ओपनर' म्हणतात. त्याचे शब्दशः मराठी केले तर कोणीतरी कानउघाडणी करणार आहे असे वाटेल, पण प्रकार अगदी साधा आहे. दिवसभरात ठरावीक वेळी एखाद्या दालनात एक स्वयंसेवक उभा राहतो आणि जमलेल्या लोकांना तीस ते चाळीस मिनिटे त्याच दालनातील पाच-सहा वस्तू उलगडून दाखवतो. प्राचीन इजिप्त, अ‍ॅसिरिया (आजच्या इराकमधील एक प्राचीन साम्राज्य), आफ्रिका, मेक्सिको, जपान, चीन, रोमनकालीन ब्रिटन असे विषय आलटून पालटून येतात. पैसे पडत नाहीत, नावनोंदणी लागत नाही आणि मध्येच निघून गेले तरी कोणी काही म्हणत नाही. बोलणारी माणसे संग्रहालयाची पगारी अभ्यासक नसतात. त्यांना यासाठी प्रशिक्षण दिलेले असते आणि ती आपला वेळ विनामूल्य देतात. मुळात संग्रहालयाचा प्रवेशच विनामूल्य आहे. 1753 साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झालेली आणि 1759 साली लोकांसाठी उघडलेली ही संस्था, 1974 मधील काही महिने सोडले, तर आजवर प्रवेशशुल्क न घेता चालली आहे. तिच्याकडे सुमारे 80 लाख वस्तू आहेत आणि त्यांतील जेमतेम एक टक्का मांडलेल्या आहेत, तरीही त्या पाहताना माणूस थकून जातो. दालनातल्या शेकडो वस्तूंपैकी पाच वस्तू दुसऱ्या कोणीतरी आपल्यासाठी निवडून ठेवणे हीच मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटली.

अ‍ॅसिरियाची फेरी माझ्या मते सर्वोत्तम होती. खोर्साबाद येथील सार्गोन दुसरा याच्या राजवाड्याच्या दारावरचे, माणसाचे डोके आणि पंख असलेले दोन प्रचंड बैल तिथे आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे 16 टन. आमच्या स्वयंसेविका बाईंनी सुरुवातीला काहीच सांगितले नाही, फक्त बैलाचे पाय मोजायला लावले. समोरून दोन दिसतात, बाजूने चार दिसतात आणि दोन्हींकडून एकाच वेळी पाहिले की पाच भरतात. समोरून येणाऱ्याला तो निश्चल उभा दिसावा आणि शेजारून आत जाणाऱ्याला चालताना दिसावा, यासाठी शिल्पकाराने केलेली ही सोय आहे. त्यानंतर त्यांनी आम्हाला चौथऱ्यावर वाकून पाहायला सांगितले. तिथे दगडावर चौकटी ओरखडून एका खेळाचा पट आखलेला आहे. दारावर पहारा देणाऱ्यांनी, किंवा आत बोलावणे येईपर्यंत ताटकळत बसलेल्या कोणीतरी, वेळ घालवण्यासाठी तो आखला असावा. आपल्याकडे लेण्यांच्या ओट्यांवर आणि देवळांच्या फरशीवर असेच पट कोरलेले आढळतात. साम्राज्याच्या दारात बसून कंटाळलेला तो पहारेकरी मला सार्गोनापेक्षा अधिक ओळखीचा वाटला. मागच्या भेटीत मी याच बैलासमोर उभा राहून छायाचित्र काढून घेतले होते, पट काही दिसला नव्हता.

त्याच फेरीत पुढे निनवे येथील सिंहाच्या शिकारीची उठावशिल्पे आहेत. ती इसवी सनपूर्व सातव्या शतकातील, अशुरबनिपाल राजाच्या काळची आहेत. ही शिकार रानातली नव्हती. सिंह पिंजऱ्यांतून आणून राजासमोर सोडले जात आणि पिंजऱ्याचे दार वर ओढणारा माणूसही शिल्पात कोरलेला आहे. बाई म्हणाल्या की आता राजाच्या कमरेकडे पाहा. पाहिले तर कमरपट्ट्यात शस्त्रांबरोबर लेखण्या खोचलेल्या. आपल्याला लिहिता-वाचता येते याचा या राजाला मोठा अभिमान होता आणि त्याच्या ग्रंथसंग्रहातील मातीच्या हजारो पाट्या याच संग्रहालयात आहेत. सिंह मारतानाही त्याला आपली साक्षरता मिरवावीशी वाटते, या विसंगतीवर सगळेच हसले. पण शेजारी पाठीत बाण घुसलेली, मागचे पाय लुळे पडलेली सिंहीण पुढच्या पायांवर स्वतःला ओढत नेते आहे, तिच्यापाशी आल्यावर बाई थांबल्या आणि त्यांनी काहीही बोलणे टाळले. उत्तम वक्त्याला कुठे गप्प राहायचे हे कळते. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, पण ते मला फारच उशिरा कळले.

मेक्सिकोचे दालन लहान आहे आणि बहुतेक लोक त्यातून नुसते पार होतात. तेथील फेरीतला निम्मा वेळ याश्चिलान येथून आणलेल्या माया संस्कृतीच्या चुनखडीच्या पट्ट्यांपाशी गेला. या पट्ट्या दारावरच्या आहेत. आपण जिला गणेशपट्टी म्हणतो तिथल्या, मात्र कोरीव काम दर्शनी बाजूला नसून खालच्या अंगाला केलेले. म्हणजे उंबरठ्यात उभे राहून मान वर केल्याशिवाय ते दिसणारच नाही. संग्रहालयात त्या भिंतीवर उभ्या लावल्यामुळे आपल्याला ते सहज दिसते आणि मूळ जागेचा हा संकोच, ही गुप्तता, कोणी सांगितल्याशिवाय ध्यानातही येत नाही. एका पट्टीवर राणी काबाल शोक गुडघ्यांवर बसून जिभेतून काटेरी दोरी ओढून घेत आहे आणि राजा तिच्यावर मशाल धरून उभा आहे. हा विधी इसवी सन 709 मधील असल्याचे शिल्पावरच्या लेखात नोंदवले आहे. रक्त खालच्या टोपलीतील कागदावर टिपले जाते, तो कागद जाळला जातो आणि पुढच्या पट्टीवर धुरातून वर आलेल्या सर्पाच्या जबड्यातून पूर्वज प्रकट होतो. आमच्यातील एका तरुण जोडप्याने हे ऐकून तोंडे वाकडी केली. मला मात्र आपल्याकडचे गळ टोचून घेण्याचे नवस आणि बगाड आठवले, आणि देवाला स्वतःच्या देहातले काही द्यावे ही कल्पना तितकी परकी वाटली नाही. फेरी संपल्यावर मी हे स्वयंसेवकाला सांगितले, तेव्हा त्याने पाठीवरच्या पिशवीतून वही काढून 'बगाड' हा शब्द माझ्याकडून लिहून घेतला.

आफ्रिकेचे दालन तळघरात आहे आणि त्या फेरीला आम्ही पाचच जण होतो. बेनिनच्या, म्हणजे आजच्या नायजेरियातील एका जुन्या राज्याच्या, राजवाड्यातील खांबांवर पूर्वी लावलेले पितळी फलक तिथे उंच दांड्यांवर ओळीने बसवले आहेत. युरोपातून पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी आणलेली पितळेची कडी वितळवून बेनिनच्या कारागिरांनी त्या धातूत आपला दरबार उभा केला, दरबाराबरोबर पोर्तुगीज सैनिकही घडवले, आणि 1897 साली ब्रिटिश फौजेने ते शहर लुटून हे सारे उचलून आणले. स्वयंसेवकाने 'लूट' हा शब्द आडपडदा न ठेवता वापरला. (इंग्रजीला तो आपल्याकडूनच मिळाला आहे, पण हे त्याला सांगण्याचा मोह मी आवरला.) मग अपेक्षित प्रश्न आलाच, की या वस्तू परत का देत नाहीत. त्याने 1963 च्या ब्रिटिश म्युझियम कायद्याचा दाखला दिला. त्या कायद्यामुळे विश्वस्तांना संग्रहातील वस्तू देऊन टाकणे जवळजवळ अशक्य आहे. त्यावर विचारणाऱ्या बाई म्हणाल्या की कायदा केला कोणी, आणि सगळे क्षणभर गप्प झाले. माहितीफलक कितीही प्रामाणिकपणे लिहिलेला असला, तरी त्याला असा उलटप्रश्न विचारता येत नाही. या एका कारणासाठी तरी मी ध्वनिमुद्रित मार्गदर्शकापेक्षा या फेऱ्यांना झुकते माप देईन.

त्याच दालनात मोझांबिकचा कलावंत केस्टर याने 2001 साली घडवलेले बंदुकांचे सिंहासन आहे. देशातील यादवी 1992 साली संपल्यानंतर लोकांकडची शस्त्रे गोळा करून त्यांच्या बदल्यात शिवणयंत्रे, सायकली, नांगर देण्याची योजना तेथील चर्चने राबवली. निकामी केलेल्या त्या शस्त्रांतून ही खुर्ची जुळवलेली आहे. तिच्यातील एकही बंदूक आफ्रिकेत बनलेली नाही, एवढेच सांगून स्वयंसेवकाने फेरी संपवली आणि आम्ही पाचही जण तिथेच रेंगाळलो.

जपानच्या फेरीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. माहिती भरपूर होती, पण वीसेक वस्तूंवरून धावत गेल्यामुळे सामुराईचे चिलखत सोडले तर घरी पोचेपर्यंत काहीच शिल्लक राहिले नाही. निवड सर्वस्वी वक्त्याची असते, त्यामुळे तोच विषय दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला तर फेरी निराळीच निघू शकते, हे गृहीत धरावे. इजिप्तच्या फेरीला गर्दी इतकी असते की रोझेटा शिळेपाशी उभे राहायला मिळणे हेच भाग्य. तरी तिथे मला एक नवी गोष्ट कळली. इसवी सनपूर्व 196 मधील त्या शिळेवर तीन लिप्यांतले लेख आहेत हे आपण शाळेत शिकतो. पण तिच्या दोन्ही कडांवर रंगाने लिहिलेला इंग्रजी मजकूरही आहे. 1801 साली ब्रिटिश सैन्याने ती इजिप्तमध्ये हस्तगत केली आणि तिसऱ्या जॉर्ज राजाने ती भेट दिली, असे तो सांगतो. बाजूला सरकून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही.

आता त्या डळमळीत मताबद्दल. दक्षिण आशियाच्या दालनातील फेरीला मी काहीशा अढीनेच गेलो. इसवी सन 1100 च्या सुमाराच्या नटराजासमोर उभे राहून, डमरू म्हणजे काय हे इंग्रजीतून ऐकताना थोडे अवघडल्यासारखे होते. माहिती चुकीची नव्हती, फक्त माझ्यासाठी ती प्राथमिक होती. पण शेजारच्या एका मुलाने विचारले की पायाखाली चिरडल्या जाणाऱ्या त्या बुटक्याला दुखत नसेल का. तेव्हा त्या बुटक्याच्या चेहऱ्याकडे मी जन्मात प्रथमच नीट पाहिले. एवढ्यासाठी अर्धा तास द्यावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. लंडनमध्ये दोनच दिवस असलेल्यांना मी अ‍ॅसिरिया आणि आफ्रिका सुचवीन.

काही व्यावहारिक गोष्टी. संग्रहालय रोज सकाळी 10 ते सायंकाळी 5 आणि शुक्रवारी रात्री 8:30 पर्यंत उघडे असते. टॉटनहॅम कोर्ट रोड, हॉबर्न आणि रसेल स्क्वेअर ही जवळची भुयारी रेल्वेची स्थानके आहेत. फेऱ्यांच्या वेळा आणि विषय रोज बदलतात, म्हणून सकाळी संकेतस्थळावर पाहून निघावे. प्रवेशद्वारावर पिशव्यांची तपासणी होते आणि रांग लांबते, त्यामुळे फेरीच्या किमान पाऊण तास आधी पोचणे बरे. चाळीस मिनिटे उभे राहायचे असल्याने गुडघे कुरकुरणाऱ्यांनी एका दिवसात एकच फेरी करावी, आणि ऐकू कमी येणाऱ्यांनी संकोच न करता पुढे उभे राहावे. माझी मुंबईची भाषांतरित इंग्रजी कोणालाही अडली नाही आणि त्यांचे इंग्रजी मलाही अडले नाही, कारण ही मंडळी सावकाश बोलतात. वाघनखे कुठे आहेत असे विचारणारे मराठी पर्यटक मला दोनदा भेटले. ती या संग्रहालयाची नव्हेत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची आहेत, आणि 2024 साली तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्याला, गेली.

फेरीच्या वेळेची चुकामूक झालीच, तर काही दालनांत स्वयंसेवकांची टेबले मांडलेली असतात, तिथे संग्रहातील खऱ्या वस्तू हातात घेऊन पाहता येतात. नाण्यांच्या दालनातील टेबलावर माझ्या नातीच्या तळहातावर एक झिजलेले प्राचीन नाणे ठेवले, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला की याचे तेव्हा काय काय विकत मिळायचे. टेबलामागच्या आजोबांनी खुर्ची पुढे ओढली, आणि मी माझे घड्याळ पाहणे थांबवले.